कबुतरखाना

ब्रॅडफर्डच्या टपाल केंद्रात बावीस वर्षं
रात्रपाळीला पत्रं निवडली.
लीड्सची डावीकडे, हलची उजवीकडे,
पत्ता न लागणारी खालच्या खणात.
एकही फोडून वाचलं नाही.
आणि आता मी शालनला माझ्या गुडघ्याचं लिहिलं
तर दुसऱ्या सकाळी गुडघ्याच्या तेलाची जाहिरात
माझ्याच टपालाच्या डोक्यावर येऊन बसली.
त्या दिवशी ठरवलं,
आपलं टपाल आपण सांभाळायचं.

हॅलिफॅक्सच्या चढावरचं घर, काळ्या दगडाचं.
जिन्याखालच्या कपाटात, हूवर आणि छत्र्यांशेजारी
जुना लॅपटॉप मांडला.
पंखा दमेकऱ्यासारखा, पण चालू.
महिना पाच पौंड जादा भरून पक्का नंबर घेतला.
राहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा.

सेंडमेल आमच्या थोरल्या आत्यासारखं:
जगातलं सगळं येतं,
पण मागायचं ते तिच्याच बोलीत मागावं लागतं.
एक्झिम केंब्रिजचं, हुशार.
सांगाल ते करतं, फक्त आपल्याला काय हवंय
ते आपल्याला नीट माहीत पाहिजे.
एकसष्ट सरली, मला अजून नाही.
सगळं एकाच पेटीत बांधून देणारीही होती,
रेडिमेड ब्लाउजसारखी,
पटकन चढतात आणि काखेत काचतात.
पोस्टफिक्स घेतलं.
एकेका कामाला वेगळा माणूस ठेवतं,
कुणाच्या हाती सगळ्या किल्ल्या देत नाही.
केंद्रात आमचंही असंच होतं.

आलेली पत्रं ठेवायची कुठे?
तीन नावं कागदावर लिहिली होती,
एक चहाच्या डागाखाली गेलं.
उरलेली दोन मी मोठ्याने वाचत होते
तर भिंतीपलीकडून वॉल्टर बॅराक्लफ म्हणाला,
"डव्हकॉट? माझ्याकडे आहे की एक."
आणि परसातल्या फळ्यांच्या खोपटाकडे बोट.
खरंच. डव्हकॉट म्हणजे कबुतरखाना.
शनिवारी फ्रान्समधून सोडलेल्या पाखरांची
तो खुर्ची टाकून वाट बघतो,
मांडीवर घड्याळ, आभाळात मान.
मी तिथेच ठरवलं.
तांत्रिक कारण विचारू नका.

पहिल्यांदा दार वाजवणाऱ्याला
माझा सर्व्हर सांगतो, जरा वेळाने या.
वाण्याच्या पाटीसारखं, उधार उद्या.
खरा असेल तो परत येतो.
लॉटरी लागल्याचं सांगायला आलेले फिरकत नाहीत,
त्यांना अजून लाख दारं वाजवायची असतात.

पहिलं पत्र अर्थातच शालनला, इचलकरंजीला.
सही केली, शिक्का मारला,
नंबरावरून नाव कळावं अशी पाटीही लावून घेतली.
पोचलं नाही.
म्हणजे पोचलं, भंगारात,
बिनव्याजी कर्ज आणि वजन घटवायची पावडर
यांच्या मधोमध.
कारण काय, तर पत नाही.
बावीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं पोचवली,
माझ्या पत्राला पत नाही!
शालनने उकिरड्यातून काढून झटकलं,
"ही माझी बहीण आहे" असं कुठलंसं बटण दाबलं
आणि मला फोन केला, "तू काय गुन्हा केलास गं?"

तिचं उत्तर आलं शनिवारी दुपारी.
मी जिन्याच्या खालच्या पायरीवर,
समोर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी.
दार वाजलं. जरा वेळाने या, म्हटलं.
आता मात्र माझाच जीव खालीवर,
परत येईल ना?
नवव्या मिनिटाला आलं.

तिने लिहिलं होतं:
"तुझं काय ते खाजगी झालं, छानच.
पण तुझ्या गुडघ्याचं तेल
आता रोज मला दाखवतात."

हसत परसात गेले सांगायला.
वॉल्टर हसला नाही.
सहा आली होती, निळ्या कड्याची राहिली होती.
रात्री दिवा मालवताना पाहिलं,
खोपटाची झडप
त्याने उघडीच ठेवली होती.